विश्वस्ताचा साडू

धनसिंग पाटलाला साखर नाही, रक्तदाब नाही. पन्नाशी उलटली तरी गडी लूमखाली पाठीवर सरकत जातो आणि बेअरिंग बदलून बाहेर येतो. दुखणं म्हणाल तर त्याला एकच आहे, आणि त्या दुखण्याचं नाव जीवराम.

जीवराम त्याचा साडू. धनसिंगची बायको झुंबरबाई थोरली, तिची धाकटी बहीण कुंदन, ती जीवरामला दिलेली. म्हणजे धनसिंग थोरला जावई. वयानं मोठा, मानानं मोठा, नोकरीतही आधीचा. जळगावच्या एमआयडीसीत दलिचंद शेठची चटईची कंपनी आहे, तिथं धनसिंग फिटर आणि जीवराम पॅकिंगला. जीवरामला तिथं लावला कोणी? धनसिंगनंच. ‘आपला साडू आहे शेठ, कामाला चोख आहे,’ असं सांगून स्वतः गेटातून आत आणला. आता तुम्हीच सांगा, ज्याला आपण बोट धरून आत आणलं तोच उद्या आपल्या पुढं जाऊन बसला, तर कोणाच्या पोटात दुखणार नाही? बरं, पुढं म्हणजे कुठं, तर पगारात नाही, कामात नाही. मानात! पगाराचं एक वेळ माणूस गिळून टाकतो हो. मानाचं गिळवत नाही.

झालं असं की या कंपनीचा पीएफ सरकारकडं जात नाही. दलिचंद शेठनं फार पूर्वी हट्टानं परवानगी काढली आणि कंपनीचाच ट्रस्ट केला. कामगाराच्या पगारातून कापलेले आणि शेठनं घातलेले पैसे त्या ट्रस्टकडं राहतात. व्याज सरकारपेक्षा कमी द्यायचं नाही, हिशेब चोख ठेवायचा, आणि दरवर्षी बाहेरचा ऑडिटर येऊन सगळं खालीवर करून बघणार, अशा अटी. ट्रस्टवर चार विश्वस्त, दोन शेठच्या बाजूचे, म्हणजे शेठ आणि त्यांचा मुलगा, आणि दोन कामगारांतले. म्हातारपणाची पुंजी ती, तिच्यावर चार माणसांची नजर असलेली बरी. पण कामगाराला म्हातारपण आठवतं कधी? त्याला आठवतं पोरीचं लग्न. लग्नासाठी आपल्याच खात्यातून आगाऊ रक्कम मिळते, आणि तिला सभेत विश्वस्तांच्या सह्या लागतात.

इथून ती रीत पडली. कोणी पाडली ठाऊक नाही, पण पडली. ज्याच्या घरचं लग्न पीएफच्या पैशानं उभं राहिलं, तो मांडवात विश्वस्ताला बोलावून टोपी, उपरणं, नारळ देतो. जामनेरला लूमवरच्या एका हेल्परच्या पोरीचं लग्न होतं. धनसिंग घाम पुसत तिसऱ्या रांगेत बसलेला, आणि माईकवाला ओरडतो, “ट्रस्टचे विश्वस्त, कामगारांचे कैवारी, माननीय जीवरामभाऊ यांनी स्टेजवर यावं!” बँडवाल्यानं पण मेल्यानं तेवढ्यात एक ठेका वाजवून घेतला. जीवराम लाजत लाजत वर गेला, टोपी घालून घेतली, वधूपित्याच्या पाया पडायला वाकला.

“लाजतो बघ कसा,” धनसिंग झुंबरबाईच्या कानात म्हणाला. “नाटकी!”

“लोकांनी मान दिला तर त्यांनी काय करावं?” झुंबरबाई म्हणाली.

“पैसा त्या माणसाचा स्वतःचा. कापला त्याच्या पगारातून. यानं काय केलं, सही ठोकली. सहीला टोपी?”

झुंबरबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि घरच्या बोलीत, हळूच पण नेमकं सांगितलं, “तुमना पोटमा दुखस, हाई बठ्ठासले ठाऊक शे.”

सगळ्यांना ठाऊक म्हणे! बायकोच ती. धनसिंगनं मग जेवणावर राग काढला, वरणात मीठ नाही म्हणाला. खरं तर होतं.

आणि या दुखण्याचं मूळ त्याचं त्यालाच ठाऊक होतं, म्हणून तर ते बरं होत नव्हतं. विश्वस्त व्हायचा तो धनसिंगच. तीन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये निवडीची सभा झाली. दलिचंद शेठचा मुलगा श्रेयांस नुकताच पुण्याहून शिकून आलेला, ऑफिस तोच बघायला लागला होता. कामगारांनी एका आवाजात नाव घेतलं, “धनसिंगदादा!” श्रेयांसशेठनं विचारलं, “काय दादा, होणार ना?”

आता आपल्याकडची रीत काय? सासरी जावयाला दुसरी पोळी वाढायला आले तर तो ताटावर हात आडवा धरतो. नको म्हणतो. वाढणारा आग्रह करतो, हा पुन्हा नको म्हणतो, तिसऱ्यांदा हात जरा बाजूला होतो आणि पोळी ताटात पडते. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा जावई म्हणजे हावरट. धनसिंग तसाच वाढलेला. तो म्हणाला, “नको शेठ, आपल्याला काय कळतं त्यातलं? दुसऱ्या कोणाला करा.”

आणि मान खाली घालून आग्रहाची वाट बघत बसला.

श्रेयांसशेठनं कागदावर लिहिलं, ‘इच्छुक नाहीत’. मान वर केली आणि विचारलं, “दुसरं कोणी?”

झालं! कोणी दुसरं नाव घेईना. धनसिंगला कळेना हे काय होतंय. आता बोलावं तर कसं बोलावं? नको म्हणालो पण नको नव्हतं, असं चारचौघांत सांगता येतं का? आणि तेवढ्यात मागून जीवरामचा आवाज आला, “कोणी नसेल तर मी होतो शेठ. लिहा.”

लिहा म्हणे! एकदाही नको म्हणाला नाही. धनसिंगला वाटलं, जमीन दुभंगावी आणि हा साडू तिच्यात जावा. त्या दिवसापासून तो जीवरामला पाण्यात पाहू लागला. कंपनीत समोरून आला की हा लूममागं डोकं घालायचा. कोणी ‘तुमचे साडू फार भले’ म्हटलं की याच्या अंगाचा तिळपापड. लोक हटकून म्हणायचे, मजा वाटायची त्यांना.

तसा जीवराम भला होता की नव्हता? आता मी काय सांगू, होता. सुट्टीच्या दिवशी कोणाच्या घरी कागद नेऊन दे, कोणाला अर्ज समजावून सांग, असं चाललेलं असायचं. बोलणं कमी. धनसिंगला ‘दादा’ म्हणायचा आणि अजून त्याच्यासमोर तंबाखू मळायचा नाही. पण भलेपणा दिसायला डोळे निवळ लागतात, आणि धनसिंगच्या डोळ्यांत तर टोप्याच टोप्या.

यंदा धनसिंगच्या मेघाचं लग्न ठरलं. स्थळ धुळ्याचं, मुलगा वीज मंडळात, माणसं चांगली. फक्त घाई फार. मुलाचा आजोबा अंथरुणाला खिळलेला, त्याच्या डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात म्हणून त्यांनी आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचा, लगेचचा मुहूर्त धरला. पैशाची सोय करायला हातात दिवसच नव्हते. धनसिंगनं आगाऊ रकमेचा अर्ज भरला. झुंबरबाई म्हणाली, “जीवरामभाऊंच्या कानावर घाला, ते लवकर करतील.”

“त्याच्या कानावर? मी? माझी सत्तावीस वर्षांची नोकरी आहे, उपकार नाही मागत कोणाचे,” असं म्हणून धनसिंगनं अर्ज परस्पर ऑफिसच्या खिडकीत नेऊन दिला. खिडकीतला कारकून म्हणाला, “दादा, पुढची सभा जूनमध्ये आहे.” धनसिंग म्हणाला, “बघा काय होतं ते,” आणि ताठ मानेनं निघाला. पण हॉलवाला, आचारी, सोनार, सगळ्यांना तोंडी शब्द देऊन ठेवलेला. व्याह्यांना काय सांगायचं, जूनपर्यंत थांबा म्हणून?

आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी जातात. जावयांनाही बोलावणं असतंच. सासरे भाईदास आबा धुळ्याच्या अलीकडं एका खेड्यात राहतात, शेती चांगली, माणूस तोंडाचा सरळ. दारी लिंबाला झोका बांधलेला, आत चुलीवर खापर, त्यावर सासूबाई भिकुबाई आक्का हातावर मोठ्ठे मांडे फिरवत होत्या. आमरसाच्या वासानं घर भरलेलं. पुरुषांची पंगत बसायला आली. पाट मांडलेले, आणि पहिल्या पाटावर कोण बसणार हे विचारायची गरजच नव्हती. थोरला जावई बसणार. वर्षानुवर्षं बसत आलाय. धनसिंग हात धुऊन पंचाला पुसत आला, आणि आबा म्हणाले, “जीवराम, ये, आठे बठ. तू ते आते मोठा साहेब शे.”

“नको आबा, दादा बसतील तिथं,” जीवराम मागं सरकला.

“अरे बठ! बठ्ठा तालुका तुले मान देस, सासरान घर नही देवाव का?”

आणि पहिल्या पाटावर जीवराम, दुसऱ्यावर धनसिंग. कुंदननं लगेच मोबाइल काढून फोटो घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आखाजीचा मान’. जीवरामची बायको ती, तिला नवऱ्याचं कौतुक नसणार तर कोणाला? पण धनसिंगच्या घशाखाली मांडा उतरेना. नंतर त्यानं तो फोटो किती वेळा उघडला असेल, काही मोजदाद नाही. बोटांनी मोठा करकरून बघायचा. जीवरामच्या ताटात दोन मांडे दिसत होते आणि याच्या ताटात एक. याचा एक खाऊन झाला होता, हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं.

आखाजीनंतर दोनच दिवसांत त्याच्या बँक खात्यात पैसे जमा झाले. धनसिंगनं घरी येऊन छाती फुगवली, “बघितलं? कोणाच्या पाया पडावं लागलं का? सत्तावीस वर्षं काम केलंय, शेठला किंमत आहे माणसाची.” झुंबरबाई काही म्हणणार होती, पण घरात पाहुणे होते आणि बस्ता बांधायला जायचं होतं. राहून गेलं.

लग्न थाटात झालं. आणि मांडवात धनसिंगनं ते केलं जे आजवर कोणी केलं नव्हतं. शेठला टोपी दिली, श्रेयांसशेठला दिली, लूमच्या सुपरवायझरला दिली, वॉचमनलासुद्धा दिली. जीवरामचं नाव माईकवरून घेऊच दिलं नाही. माईकवाल्यानं हळूच विचारलं, “विश्वस्तांचं?” धनसिंग म्हणाला, “ते घरचे आहेत. घरच्याला कसली टोपी?” जीवराम तेव्हा पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होता. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. जग रिकामा झाला तसा तो भरून आणायला गेला. कुंदन मात्र तिथून उठून आत जाऊन बसली. धनसिंगला त्या दिवशी लेकीच्या पाठवणीचं जेवढं रडू आलं, तेवढंच मनातून गारही वाटलं. असं माणसाचं असतं, खोटं कशाला बोलायचं.

गारवा फार दिवस टिकला नाही. पावसाळा लागला आणि कंपनीत ऑडिटची चाहूल लागली. ट्रस्टच्या सभा कधी झाल्या आणि कोण हजर होतं, एवढं कँटीनच्या फळ्यावर लावायची पद्धत. विषय काय, निर्णय काय, ते नाही. नुसती तारीख आणि नावं. धनसिंग चहाचा ग्लास घेऊन सहज वाचत उभा राहिला आणि चहा तसाच राहिला हातात. सभेची तारीख आखाजीची. हजर चौघं, त्यांत जीवराम.

“सापडला!” तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की कँटीनवाला म्हणाला, “काय सापडलं दादा?”

“काही नाही. पेन.”

आखाजीला हजर? अरे, आखाजीला हा माणूस माझ्या शेजारी, माझ्या पाटावर बसून मांडे ओरपत होता! मग जळगावात सभेला कोण बसलं, याचं भूत? न झालेल्या सभेची सही! आणि याला म्हणे टोप्या घाला. धनसिंगच्या पायात विशीतलं बळ आलं. कोणाला तो बोलला नाही, झुंबरबाईलाही नाही. फोटो मात्र जपून ठेवला. ऑडिटरला सांगायचं, जीवरामची उचलबांगडी होणार, पुन्हा निवड होणार, आणि या खेपेला कोणी विचारलं तर पहिल्या हाकेला हो म्हणायचं. रात्रंदिवस मनात मांडे खाणं चाललं होतं त्याचं.

ऑडिटर नाशिकहून आला. रोनक छाजेड नाव, वय तिशीच्या आत, चष्मा, बोलायला मऊ. शेठचे पैसे वेळेवर ट्रस्टकडं गेले का, ते कुठं गुंतवले, कामगाराला वर्षाचा उतारा मिळतो का, सगळं तो आठवडाभर बघत होता. मग त्यानं वर्षभरात आगाऊ रक्कम घेतलेल्यांपैकी काही कामगारांना एकेक करून बोलावलं. त्यात धनसिंगचं नाव निघालं. देव पावला म्हणजे असा.

“उतारा मिळाला?” छाजेडनं विचारलं.

“मिळाला.”

“लग्नासाठी मागितलेली रक्कम पूर्ण मिळाली? कोणी मध्ये काही घेतलं?”

“मिळाली. कोणी काही घेतलं नाही.”

“मग काही तक्रार नाही ना?” छाजेड पान उलटायला लागला.

“तक्रार नाही साहेब,” धनसिंग खुर्चीच्या टोकाला आला, “पण विचारतो आपलं. माणूस एका वेळी दोन ठिकाणी हजर राहू शकतो का?”

छाजेडनं चष्मा वर सरकवला. धनसिंगनं सगळं ओतलं. आखाजी, सासुरवाडी, पहिला पाट. आवाज असा चढला की बाहेरच्या बाकावर बसलेले आत डोकवायला लागले. मोबाइल काढला, ग्रुपवरचा फोटो दाखवला, वर तारीख होती, वेळ होती. “हा दुसऱ्या पाटावरचा मी. आणि हा इकडचा, पहिल्या पाटावर बसलाय तो, हे तुमचे हजर विश्वस्त!”

छाजेडनं फोटो बघितला. समोरची वही उघडली, त्या तारखेचं पान वाचलं. वाचून त्यानं धनसिंगकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पुन्हा पान वाचलं. “तुम्ही बसा,” म्हणाला आणि श्रेयांसशेठला आणि जीवरामला बोलावणं धाडलं.

जीवराम हाताला चिकटपट्टीचे तुकडे लागलेल्या अवस्थेत तसाच आला. साडूला आत बसलेलं पाहून त्याला वाटलं याचंच काही अडलंय. “काय झालं दादा?” त्यानं आधी तेच विचारलं.

छाजेडनं मोबाइल पुढं केला. “हे तुम्हीच ना?”

“मीच.”

“या दिवशी इथं सभा झाली असं लिहिलंय. खाली तुमची सही आहे.”

जीवरामनं फोटोकडं पाहिलं, मोबाइल कोणाचा ते पाहिलं. एकदम कळलं त्याला. तोंडावरचा रंग उतरला, पण बोलला सरळ. “सभा नाही झाली साहेब. आदल्या दिवशी मीच बाकी तिघांच्या घरी जाऊन सह्या आणल्या. जूनपर्यंत थांबायला वेळ नव्हता.”

“आणि तारीख?”

श्रेयांसशेठ खाकरला. “ती पप्पांनी टाकायला लावली. अक्षय तृतीया, दिवस चांगला, लग्नाचं काम आहे म्हणून. आम्ही तर त्या दिवशी सगळे आईच्या वर्षीतपाच्या, म्हणजे वर्षभराच्या उपासांच्या, पारण्याला होतो. ऑफिसला कुलूप होतं.”

म्हणजे बघा, सभेतला एक सासऱ्याकडं आमरस खात होता, दुसरा आईला उसाचा रस पाजत होता, आणि सभा मात्र सर्वानुमते पार पडली होती! इतक्या शुभ मुहूर्तावर खोटं फक्त आपल्याचकडं लिहिलं जातं.

“पण एवढी घाई कोणाची होती?” छाजेडनं विचारलं.

जीवराम अंगठ्यानं बोटांवरची चिकटपट्टी सोलत उभा राहिला.

“मी विचारतोय.”

“एका कामगाराच्या पोरीचं लग्न होतं,” जीवराम म्हणाला. “त्याचा हक्क होता साहेब. फक्त दिवस कमी होते.”

“नाव?”

“वहीत असेल,” जीवराम म्हणाला.

छाजेडनं वही फिरवली आणि धनसिंगच्या पुढं सरकवली. “पाटील, त्या दिवशी एकच विषय होता. तुमचा अर्ज.”

धनसिंगला अक्षरं दिसत होती. आपलं नाव, मेघाचं नाव, ‘तातडीने मंजूर’. त्याच्या कानात नुसता लूमचा खडखडाट सुरू झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात, पण इथं मारुतीसुद्धा झाला नव्हता. 

“साहेब,” जीवराम म्हणाला, “मेघाचे पैसे परत मागणार नाहीत ना?”

“रक्कम त्यांच्या हक्काची आहे, ती कोणी मागणार नाही,” छाजेड म्हणाला. “पण न झालेली सभा झाली असं लिहिलंय, ते मला अहवालात घ्यावंच लागेल. आज एका लग्नासाठी असं झालं, उद्या कोणी सगळ्यांचा फंड अशाच कागदी सभेत कुठंही गुंतवेल. तुमचा हेतू मला कळतो, पण मी हेतू तपासायला आलेलो नाही.”

बरोबरच होतं त्याचं.  जीवरामनं तिथंच कागद मागितला आणि विश्वस्तपद सोडतो म्हणून लिहून दिलं. श्रेयांसशेठ म्हणाला, “अहो जीवरामभाऊ, चूक आमचीही आहे, थांबा.” पण तो थांबला नाही. शेठचं काय, अहवालात चार ओळी आल्या, सुधारणा करू म्हणून उत्तर गेलं, शेठ विश्वस्त राहिले. जाणारा पॅकिंगवालाच असतो.

बाहेर आल्यावर धनसिंगला वाटलं, आता हा शिव्या घालणार. घालाव्यात. गचांडी धरून चार लोकांत विचारावं, ‘मेल्या, तुझ्या पोरीसाठी उन्हातान्हात दारोदार फिरलो आणि तू मलाच गोत्यात आणलंस?’ तसं झालं असतं तर धनसिंगनंही आवाज चढवला असता, मग बरोबरी झाली असती. जीवराम नुसता म्हणाला, “मला सांगितलं असतंत दादा, तर मी आधीच सोडलं असतं.” आणि पॅकिंगकडं निघून गेला. पाठमोरा जाताना तो एकदम म्हातारा दिसत होता.

आणि खरं सांगू? त्या क्षणी धनसिंगला पश्चात्ताप झाला, पण त्याच्या आधी जे झालं ते वेगळंच होतं. त्याला पुन्हा जळायला झालं. टोपी गेली होती, पद गेलं होतं, जीवरामकडं आता जळण्यासारखं काही उरायला नको होतं. आणि तरी हा माणूस आपल्यापेक्षा मोठा कसा? याला राग तरी यावा की नाही!

घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. कुंदननं रडत रडत बहिणीला फोन केला होता. झुंबरबाईनं त्याला पाणी दिलं नाही, चहा विचारला नाही. ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं ते पैसे कोणी आणले?” तिनं विचारलं.

“नव्हतं. तुला होतं?”

“कुंदन बोलली होती आखाजीलाच. म्हणाली, दाजींना सांगू नको, त्यांना उपकार वाटतील. यांनी तसं बजावलंय.” ती एक पाऊल पुढं आली. “ज्या ताटावर बसले होते ते, त्याचाच फोटो दाखवलात तुम्ही. माझ्या बापाच्या घरातला.”

 धनसिंग चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावू लागला.

“मेघाला तुम्हीच सांगा,” झुंबरबाई म्हणाली. “दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत. तिच्या मावसानं तिच्यासाठी काय केलं आणि तिच्या बापानं काय केलं, दोन्ही सांगा. आत्ता.”

त्यानं धुळ्याला फोन लावला. रिंग जात होती तोवर मनाशी वाक्यं जुळवली. सांगून टाकायचं सगळं. माझ्या पोटात दुखत होतं पोरी, तीन वर्षं दुखत होतं, म्हणून मी असा वागलो. एकदा पोरीसमोर कबूल केलं की निदान जीव तरी मोकळा होईल, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो मान सोडून बोलायला निघाला होता.

“पप्पा!” मेघानं फोन उचलला. “आत्ताच मावसांशी बोलले मी.”

“जीवरामशी?” धनसिंगनं विचारलं. “काय म्हणाला तो?”

“म्हणाले, तुला कोणी काहीबाही सांगेल, लक्ष देऊ नको. तुझ्या बापाला ऑडिटरनं विचारलं आणि त्यानं नात्याचंही न बघता खरं ते सांगितलं. असा खरा माणूस कंपनीत दुसरा नाही. आता विश्वस्त म्हणून त्यालाच करा, असं मीच शेठला सांगणार आहे.” मेघा हसली. “पप्पा, मला इतकं बरं वाटलं ऐकून. सासूबाईंनापण सांगितलं मी. तुम्ही कशासाठी फोन केला होता?”

झुंबरबाई समोर उभी होती, त्याच्या तोंडाकडं बघत. जुळवलेली सगळी वाक्यं धनसिंगच्या जिभेवर होती. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण तिकडं पोर अभिमानानं हसत होती, आणि तो अभिमान जीवरामनं दिलेला होता. पोटात तीच जुनी कळ उठली, या वेळी पहिल्यापेक्षा जोरात. आपल्याच लेकीच्या नजरेत आपल्याला मोठं करायचं, तर तिथंही मेला आपल्या आधी पोचला.

“काही नाही गं,” धनसिंग म्हणाला. “सहजच केला होता.”